डॉल्फिन बघायला कोकणात उतरताय? आधी तिथी बघा

सुट्टीचा अर्ज टाकायच्या आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. शनिवार-रविवार नंतर. आम्ही सातारकर कोकणात उतरायचं म्हटलं की घाटाचा विचार करतो, खोलीचा करतो, सुरमई कुठे चांगली मिळते ते चार जणांना विचारतो. भरती-ओहोटी कुणाच्या डोक्यातच येत नाही. मागच्या खेपेला चांदणं मिळावं म्हणून मुद्दाम पौर्णिमा धरून गेलो. पहाटे खाडीवर पोचलो तर होडी चिखलात बसलेली. पाणी चढेस्तोवर वारा सुटला आणि भाडं मोजून लाटा तेवढ्या बघून आलो.

हिशोब सोपा आहे, किनाऱ्यावरची माणसं तोंडी करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. दशमी असेल तर साडेसात, सकाळीही आणि रात्रीही. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचला पाणी पार खाली. त्यात उधाण, म्हणून ते नेहमीपेक्षा जास्तच खाली. नवमी ते एकादशी धरा. सकाळी सात-आठला भरती मिळते, शिवाय अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, असल्यामुळे पाण्याला ओढ कमी. शुक्ल की कृष्ण, काही फरक पडत नाही. थोडं मागेपुढे होतं, म्हणून आदल्या रात्री होडीवाल्याला फोन करून पक्कं विचारा. तिथी बघितली तरी विचारा.

सकाळच का, तर दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि पाण्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. आपल्या किनाऱ्याला दिसतो तो बहुतेक कुबड असलेला डॉल्फिन. टीव्हीवरच्यासारख्या उड्या तो क्वचितच मारतो. राखाडी पाठ आणि त्यावरचा लहान पर वर येतो, फुस्स आवाज होतो, संपलं. फेसाळ पाण्यात ती पाठ सापडत नाही. हा प्राणी उथळ पाण्यातला, किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी मासळीमागे फिरणारा. म्हणून फार आत जायची गरज नसते. कुणी दूर नेतो म्हणून जादा पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

महिने नोव्हेंबर ते मार्च. जून-जुलैत मासेमारीच बंद असते, तेव्हा जाऊ नका, कुणी होडी काढतो म्हणाला तरी.

जागा दापोलीकडची मुरुड, कर्दे, हर्णै. वाट पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. सांगलीवाले कराडला येऊन हीच धरतात. आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा. पहाटे घाट उतरून भरती गाठू म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या. होडीत बसल्यावर घेऊन काही उपयोग नाही. आम्हाला घाट लागत नाही, ही फुशारकी इथे चालत नाही. इंजिन बंद करून होडी आडवी डुलायला लागली की भलेभले गप्प होतात. उपाशी जाऊ नका आणि कंदी पेढे खाऊनही जाऊ नका. कोरडी भाकरी बरी.

दुर्बीण सात किंवा आठ पटीची. जास्त पटीची घेतली तर हलत्या होडीत नुसतं आभाळ नाचतं. टोपीला नाडी हवी. लाइफ जॅकेट, पाणी, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी, हे सांगायला नको.

होडीत चढण्याआधी, पैसे ठरवतानाच, तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, सांगून ठेवा: दादा, पाठलाग करायचा नाही, होडी आडवी घालायची नाही, लांबूनच इंजिन हळू करा. पिल्लू दिसलं तर मागे फिरा. चार होड्या मिळून एका कळपाला घेरतात तेव्हा आपल्या होडीतले लोकच शिट्ट्या मारत असतात, त्यांनाही गप्प करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने.

पोरांना आधीच सांगा, सील दिसणार नाही, आपल्या किनाऱ्यावर तो राहत नाही. देवमासा दिसेल अशी आशाही लावू नका. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात निळा देवमासा पिल्लासह दिसला होता, त्याची बातमी झाली ती दुर्मीळ म्हणूनच. आणि वाळूत मेणचट गोळा सापडला तर देवमाशाची उलटी (अंबरग्रीस) म्हणून खिशात घालू नका. विकायला जाणारे आपल्याच भागात पकडले गेलेत. किनाऱ्यावर जिवंत देवमासा किंवा डॉल्फिन अडकलेला दिसला तर शेपूट धरून ओढू नका, डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका, ओलं फडकं अंगावर टाका आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

तिथी बघितली ना?

येताना अंधाराच्या आत घाट चढा. सुकट घेतलीत तर टपावर बांधा, डिकीत नको.