ससा उचलावा कसा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाली ठेवावा कसा

पाळलेल्या सशाला कुशीत घेतलेले आवडते का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक सशांच्या बाबतीत ‘नाही’ असे आहे. त्याला माणसाचा सहवास आवडतो, कपाळावरून फिरणारा हात आवडतो, सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या मांडीला पाठ टेकवून पडून राहणेही आवडते. परंतु चारही पाय जमिनीवरून सुटले की त्याच्या दृष्टीने लाडाचा विषय संपलेला असतो आणि जीव वाचवण्याचा सुरू झालेला असतो. गेल्या चौदा वर्षांत माझ्याकडे नऊ ससे राहून गेले आणि त्यांपैकी आठांचे मत हेच होते. तरीही प्रत्येक नव्या सशाबरोबर ‘रोज अर्धा तास मांडीवर घट्ट धरून बसा, आपोआप माणसाळतो’ हा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो मनावर घेऊ नये. अशाने ससा माणसाळत नाही. सुटका नाही हे ओळखून तो निपचित होतो, आणि आपण त्यालाच शांतपणा समजतो.

पाळीव ससा हा युरोपातल्या, बिळे करून राहणाऱ्या जंगली सशाचा वंशज आहे. (आपल्या माळरानावर दिसणारा काळ्या मानेचा ससा निराळा. तो बीळ करत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण असल्यामुळे त्याला घरी आणून पाळता येत नाही.) मांजरी आपली पिल्ले मानेला धरून इकडून तिकडे नेते, त्यामुळे उचलले जाण्याची ओळख मांजराला जन्मापासून असते. सशाची मादी पिल्लांना अशी उचलून नेत नाही. दिवसातून एकदा-दोनदा येते, काही मिनिटे दूध पाजते आणि निघून जाते. त्यामुळे जमिनीवरून उचलले जाण्याचा सशाला उपजत ठाऊक असलेला अर्थ एकच, कोल्ह्याचा जबडा किंवा शिकारी पक्ष्याची नखे. संस्कृतात श्येन पक्ष्याला ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, असे नावच आहे. वरून अंगावर झेपावणारा आपला हात सशाला त्या श्येनाहून वेगळा का वाटावा?

मग उचलूच नये का? लाडासाठी उचलू नये, कामासाठी उचलावे लागतेच. महिना-दीड महिन्याने नखे कापावी लागतात. पावसाळ्यात ओल्या किंवा मळलेल्या बुडाशी माशी अंडी घालते, म्हणून पोटाखालची बाजू वरचेवर पाहावी लागते. आजारपणात डॉक्टरांकडे न्यावे लागते. ज्या सशाला कधी उचललेलेच नाही, त्याला ऐन आजारपणात पहिल्यांदा पकडण्यासारखी दुसरी वाईट वेळ नाही.

पहिली पायरी : जमिनीवरची ओळख

आपण जमिनीवर बसावे, सशाकडे थोडी पाठ किंवा कूस करून. ससा पहाटे आणि संध्याकाळी तरतरीत असतो, म्हणून दिवेलागणीची वेळ उत्तम. हातात कोथिंबिरीची काडी असावी आणि करण्यासारखे दुसरे काहीही नसावे. तो येईल, पावलाला नाकाने ढोसेल, हनुवटी घासून आपला वास लावून जाईल. हे दोन दिवसांत होईल किंवा तीन आठवडे लागतील, त्यात घाई चालत नाही.

हात लावताना कुत्र्याला हुंगायला देतात तसा तो नाकासमोर धरू नये. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मागचेही दिसते, पण नाकाच्या अगदी पुढचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. तिथे अचानक आलेल्या हातावर पुष्कळ ससे गुरगुरतात आणि मग ‘चावरा आहे’ असा शिक्का बसतो. हात बाजूने न्यावा आणि कपाळ, गाल, कानांच्या मागची जागा एवढ्यावरच थांबावे. पोट, पावले आणि शेपटी यांच्या वाटेला जाऊ नये. दात अगदी हलके, जवळजवळ ऐकू न येण्याइतके एकमेकांवर घासले जात असतील, डोळे अर्धे मिटले असतील, मान जमिनीला लागत असेल, तर ससा सुखात आहे. आपण हात काढल्यावर तो नाकाने हात पुन्हा डोक्यावर ओढून घेऊ लागला, की सशाला हवी ती माया त्याला मिळाली. पुष्कळांनी इथेच थांबायला हरकत नाही. याउलट अंग चोरलेले, कान पाठीला चिकटलेले, डोळे विस्फारून पांढरे दिसत असलेले, किंवा मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला गेलेला असेल, तर त्या दिवसापुरते उठून जावे.

दुसरी पायरी : उचलणे

फरशीवर सतरंजी किंवा गोधडी अंथरावी, दार लावावे, पंखा बंद करावा. आपण बसलेलेच असावे.

एक हात पुढच्या पायांच्या मागून छातीखाली, दुसरा बुडाखाली. दोन्ही हात एकाच वेळी उचलावेत आणि सशाला लगेच आपल्या पोटाशी टेकवावे. चारही पायांना आपल्या अंगाचा आधार लागला पाहिजे. तोंड कोपराच्या खाचेत लपले, की बहुतेक ससे स्थिरावतात. उचलण्यात याहून अधिक काही नाही.

कान धरून उचलू नये, हे आता तरी सांगावे लागू नये, पण जादूगाराच्या टोपीतला ससा लोकांच्या डोक्यातून जात नाही. मानेची कातडी धरूनही उचलू नये. ती पातळ असते आणि सगळे वजन तिच्यावर येते. उताणे करून ‘झोपवणे’ हा प्रकार तर मला सर्वांत चीड आणणारा वाटतो. उलटा केलेला ससा निश्चल होतो हे खरे, पण ती झोप नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला प्राणी मेल्यासारखा पडून राहतो, तीच ही अवस्था, आणि त्या वेळी त्याच्या शरीरात भीतीची सगळी लक्षणे चालू असतात. पाहुण्यांना दाखवण्यासाठी हा खेळ करू नये.

तिसरी पायरी : खाली ठेवणे

सशाला उचलायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, ठेवायला शिकवणारा मला कोणी भेटला नाही. अपघात मात्र ठेवतानाच होतात.

माझ्याकडची तिसरी सशीण, कापशी, दोन किलोंची आणि स्वभावाने गरीब होती. नखे कापून झाल्यावर मी उभ्याउभ्याच कमरेतून वाकून तिला पिंजऱ्यासमोर ठेवायला गेलो. फरशी दोन फुटांवर आली आणि तिने माझ्या पोटावर मागचे पाय रोवून उडी घेतली. गुळगुळीत टाइल्सवर ती आडवी पडली आणि मागच्या पायाच्या नडगीचे हाड मोडले. पुढचे दीड-दोन महिने ती एका चौकोनी खोक्यात होती. चूक सर्वस्वी माझी होती. तिने जमीन दिसल्यावर कोणताही ससा करील तेच केले होते.

सशाच्या सांगाड्याचे वजन शरीराच्या सुमारे सात-आठ टक्के असते. मांजराचे बारा-तेरा टक्के. हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे, अशी ती विषम जोडी आहे. बूड अधांतरी असताना त्याने जोराने लाथ झाडली, तर पडण्याचीही गरज नसते; स्वतःच्याच ताकदीने कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचे अंग कायमचे लुळे पडते. म्हणून ज्या क्षणी ससा ‘आता सुटलो’ असे समजतो, तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपलेही लक्ष ‘झाले एकदाचे’ म्हणून सैल पडलेले असते.

तेव्हा ठेवताना वाकायचे नाही, बसायचे. ससा पोटाशी तसाच धरून आधी आपण गुडघ्यांवर यावे आणि मग खाली बसावे. या सबंध वेळात त्याचे तोंड आपल्या कोपरातच असावे, कारण जमीन दिसली की तो उडी मारणार. बसल्यानंतर त्याला मांडीवरून घसरवत, तोंड आपल्याकडे आणि बूड बाहेरच्या बाजूला ठेवून, आधी मागचे पाय जमिनीला टेकवावेत आणि मग पुढचे. चारही पाय टेकले तरी हात काढू नये. एक हात खांद्यांवर अलगद ठेवून, पाठीचे ताठलेले स्नायू सैल पडेपर्यंत थांबावे. मी मनात दहा अंक मोजतो. त्यानंतर हात बाजूने काढावा आणि कोथिंबीर तिथेच समोर ठेवावी, म्हणजे जमिनीवर आल्याबरोबर पळण्याऐवजी खाण्याची सवय लागते. पिंजऱ्यात ठेवतानाही आधी बूड आत घालावे. तोंड आत करून ठेवलेला ससा आपल्या मनगटावर लाथ मारून आत झेप घेतो, आणि त्या ओरखड्यांच्या खुणा माझ्या दोन्ही हातांवर आहेत.

मध्येच धडपड सुरू झाली तर काय करावे, यावर मतभेद आहेत. ‘तेव्हा सोडू नका, नाहीतर धडपडले की सुटका होते हे तो शिकतो,’ असे अनेक जाणकार सांगतात. मला ते पटत नाही. सशाने काय शिकावे यापेक्षा त्याचा मणका शाबूत राहणे कितीतरी महत्त्वाचे आहे. घट्ट आवळू नये, हातही सोडू नये. बुडाखालचा हात तसाच ठेवून जिथे असू तिथे ताबडतोब खाली बसावे. जमीन वीतभर अंतरावर असली की सुटला तरी बिघडत नाही.

हे सगळे अंगवळणी पडण्यासाठी मी नव्या सशाबरोबर पंधरा दिवस फक्त ठेवण्याचा सराव करतो. पहिले काही दिवस दोन बोटे उंच उचलायचे आणि ठेवायचे, मग वीतभर, मग मांडीपर्यंत. एका वेळी एकदाच, दिवसाकाठी पाच-सात सेकंद. ज्या दिवशी ठेवल्यावर तो पळून न जाता तिथेच खात राहतो, त्या दिवशी पुढच्या उंचीला जायचे. उभे राहून ससा धरण्याचा हट्ट मी कापशीनंतर सोडून दिला आणि तो न धरल्याने आजवर काही अडलेले नाही.

चौथी पायरी : उचलणे टाळणे

पुष्कळ कामे न उचलताही होतात. प्रवासाची पेटी आठवडाभर आधीपासून उघडी ठेवून तिच्यात गवत घालत राहिले, की ससा आपण होऊन आत जातो; वजनकाट्यावरही पानाच्या आमिषाने चढतो. नखे कापताना जुना सुती पंचा अंगाभोवती गुंडाळावा, जाड टॉवेल नको. सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो, आणि पारा तिशीच्या वर गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी ससा मांडीवर घेऊन बसणे हा लाड नव्हे.

मुलांनी उभे राहून ससा उचलायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो भाच्यापुतण्यांनाही लागू आहे. मुलाने मांडी घालून बसावे, हातात पान धरावे आणि वाट पाहावी.

ससा पडला आणि नंतर मागचा पाय ओढत असेल, लघवी करत नसेल किंवा एका जागी बसून राहत असेल, तर त्याला चोळू नये, चालवून पाहू नये. सपाट तळाच्या खोक्यात हलक्या हाताने घेऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे, आणि शक्यतो सशांची सवय असलेल्यांकडे. घाबरल्यामुळे किंवा वेदनेमुळे ससा खाणेही सोडतो आणि त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते. दहा-बारा तास तोंडात काहीच गेले नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. आजवर डोके पुढे करणारा ससा अचानक हात लावू देईनासा झाला, तर तो रुसला असे समजू नये, कुठेतरी दुखत असावे असे धरून तपासून घ्यावे.

उरला नववा ससा. बंड्या रोज रात्री मी वाचत बसलो की आपण होऊन मांडीवर चढायचा, लेंग्याची नाडी कुरतडायचा आणि तासभर पडून राहायचा. त्याला तिथे आवडते हे मला कळायचे, कारण माझे दोन्ही हात पुस्तकावर असायचे आणि उतरायची वाट मोकळी असायची. त्याच बंड्याला मांडीवर घेण्यासाठी म्हणून मी दोनदा उचलले होते. दोन्ही वेळा तो पाय आपटत कपाटाखाली गेला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही.