वीस फोल्डरमध्ये एकच कमांड चालवायचीय? एकेकात सीडी करत बसू नका

एका फोल्डरखाली दहा-वीस प्रोजेक्ट असले की प्रत्येकात सीडी (cd, म्हणजे फोल्डर बदलायची कमांड) करा, गिट पुल मारा (म्हणजे कोडचे नवे बदल खाली आणा), परत मागे या, यात उगाच वेळ जातो आणि एखादं हमखास राहून जातं. बॅशमध्ये (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा शेल) एका ओळीचा फॉर लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी तेच काम परत करणारी रचना, पुरतो, वेगळं टूल टाकायचीसुद्धा गरज नाही.

१. सगळ्या प्रोजेक्टांच्या वरच्या फोल्डरमध्ये जा.
२. फॉर लूपला यादी म्हणून */ द्या. शेवटच्या स्लॅशमुळे फक्त फोल्डर घेतले जातात, सुट्या फाइली नाहीत. लपलेले फोल्डर मात्र यात येत नाहीत.
३. लूपच्या आत आधी एको करून फोल्डरचं नाव छापा, नाहीतर एरर आली तर ती कुठल्या प्रोजेक्टची ते कळतच नाही.
४. मग साध्या कंसात सीडी, && आणि तुमची कमांड. कंसामुळे ते सगळं सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालतं म्हणून परत मागे यावं लागत नाही, आणि && मुळे सीडी फसलं तर कमांड भलत्याच जागी चालत नाही, हे दोन्ही अजिबात गाळू नका.

फोल्डरच्या नावात स्पेस असू शकते, म्हणून लूपमध्ये ते नाव धरणाऱ्या व्हेरिएबलला डबल कोट्स हवेतच.

नुसतं गिटचंच काम असेल तर सीडी पण नको, गिटला डॅश कॅपिटल सी (-C) आणि फोल्डरचं नाव दिलं की झालं.

एक सांभाळा: मधला एखादा फोल्डर गिट रेपो (गिटने सांभाळलेला प्रोजेक्ट) नसेल आणि वरचा फोल्डर रेपो असेल, तर कमांड गुपचूप वरच्या रेपोवर चालते. म्हणून रीसेट किंवा क्लीन असलं बदल किंवा फाइली उडवू शकणारं काही चालवायच्या आधी त्याच लूपमध्ये गिट स्टेटस चालवून बघा.