फील्ड प्रोजेक्ट : पाच जण आणि एक बसथांबा

पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात कधीतरी नोटीस बोर्डावर पाच-पाच जणांचे ग्रुप लागतात आणि वर लिहिलेलं असतं : फील्ड प्रोजेक्ट, दोन क्रेडिट. बहुतेक ग्रुप त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर वाटणी उरकून टाकतात. प्रस्तावना तू, माहिती ती, निष्कर्ष मी, पीपीटी ज्याच्याकडे लॅपटॉप आहे तो. प्रोजेक्ट तिथेच हातचा जातो. निष्कर्ष लिहिणाऱ्याने माहिती गोळा होताना पाहिलेली नसते आणि माहिती गोळा करणारीला ती कशासाठी हवी आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. ही वाटणी झाली, एकत्र काम नव्हे.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत थिअरीचं एक क्रेडिट १५ तासांचं, तर प्रात्यक्षिकाचं आणि क्षेत्रकार्याचं ३० तासांचं धरतात. म्हणजे दोन क्रेडिटला माणशी ६० तास, पाच जणांचे मिळून ३००. चार पीडीएफ जोडून अहवाल करायला एवढे तास लागत नाहीत. ते कुठे खर्च करायचे, हे एका उदाहरणावरून पाहू : पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, थांब्यावर प्रवाशाला किती वेळ थांबावं लागतं?

आधी विषय कापा. ‘पुण्यातील सार्वजनिक वाहतूक : एक अभ्यास’ हे शीर्षक भारदस्त आहे आणि निरुपयोगी आहे. ‘डेक्कनच्या अमुक थांब्यावर, कामाच्या दिवशी सकाळी ८ ते १०, अमुक मार्गाच्या बसची वाट किती मिनिटं पाहावी लागते?’ हा प्रश्न झाला. यात जागा आहे, वेळ आहे, मार्ग आहे आणि मोजायची गोष्ट आहे. त्याखाली एक ओळ लिहून ठेवा : कोणता आकडा आला तर आपला अंदाज चुकला असं आपण मान्य करू? ही ओळ लिहिताना ग्रुपमध्ये पहिला वाद होतो. होऊ द्या.

मग नोंदतक्ता. रकाने पाचच पुरतात : वेळ (मिनिटापर्यंत), मार्ग क्रमांक, चढलेले प्रवासी, उतरलेले प्रवासी, शेरा. तक्ता तयार झाला की लगेच कामाला लागू नका. दोघांनी एकाच थांब्यावर अर्धा तास उभं राहून एकमेकांच्या कागदात न डोकावता नोंदी करायच्या आणि मग कागद शेजारी ठेवायचे. ते जुळत नाहीत. एकाने बस सिग्नलपलीकडे दिसली तेव्हाची वेळ टाकलेली असते, दुसऱ्याने दार उघडलं तेव्हाची. खचाखच भरलेली बस न थांबता पुढे गेली. एकाने ती मोजली, दुसऱ्याने सोडली. ‘बस आली’ या दोन शब्दांचे पाच जणांच्या डोक्यात पाच अर्थ असतात, हे त्या दोन कागदांवरून कळतं. व्याख्या ठरवा, तक्त्याच्या माथ्यावर लिहा, पुन्हा अर्धा तास उभे राहा. प्राध्यापक ज्याला चिकित्सक विचार म्हणतात त्याची सुरुवात बहुतेकदा अशीच, फुटपाथवर होते.

प्रवाशांना विचारतानाही हाच घोळ. ‘पीएमपीची सेवा खराब आहे असं वाटतं का?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘किती वेळ थांबलात?’ हाही फसवा, कारण लोक पाच, दहा, पंधरा असेच आकडे सांगतात आणि वैतागलेला पुणेकर थेट ‘अर्धा तास झाला’वर येतो. त्यापेक्षा माणूस थांब्यावर आला ती वेळ आणि बसमध्ये चढला ती वेळ, दोन्ही तुम्हीच टिपा. आणि गूगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकून आलेली शंभर उत्तरं ही पुणेकर प्रवाशांची मतं नव्हेत. त्यातले निम्मे दुचाकीवरून येतात.

आता या उदाहरणातला सगळ्यात खमंग भाग. समजा दोघांनी बस मोजल्या : तासाला सहा. म्हणजे सरासरी दर दहा मिनिटांनी एक, म्हणून माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागत असणार. उरलेल्या तिघांनी प्रवाशांच्या वेळा टिपल्या, त्यांचा आकडा आला आठाच्या वर. इथे ग्रुप फुटतो. ‘तुम्ही नीट मोजलं नाही’, ‘तुम्हीच चुकीची माणसं निवडलीत’ असं सुरू होतं आणि शेवटी कोणीतरी शहाणपणा करून साडेसहा लिहून टाकतं. तसं करू नका. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

बस जोडीने येतात. पहिली भरलेली, तिच्या मागोमाग दुसरी जवळजवळ रिकामी. समजा अंतरं अशी आहेत : १८ मिनिटं, २, १८, २, १८, २. बेरीज ६०, बस सहा, सरासरी अंतर दहाच. पण तासातली ५४ मिनिटं लांब अंतरांत जातात. म्हणून दहातले नऊ प्रवासी लांब अंतरात येऊन अडकतात आणि सरासरी ९ मिनिटं थांबतात; एकच नशीबवान छोट्या अंतरात येतो आणि सरासरी एक मिनिट थांबतो. नऊ नवे ८१, अधिक १, भागिले १० : ८.२ मिनिटं. वेळापत्रकाच्या बाजूने पाहणाऱ्याला पाच दिसतात, थांब्यावर उभ्या असलेल्याला आठ भोगावे लागतात. या हिशेबाला एक गृहीतक आहे : प्रवासी वेळ न पाहता, एकसारखे येत राहतात. तासाला एकच बस असलेल्या मार्गावर लोक घड्याळ पाहून येतात, तिथे हे गणित मोडतं. तेही अहवालात लिहा. एकट्याने काम केलं असतं तर या दोनपैकी एकच आकडा हाती आला असता आणि तोच पूर्ण सत्य वाटला असता.

इंटरनेटवरून आकडे घेताना एक सापळा ठरलेला आहे : लोकसंख्या. ‘२०२१ च्या जनगणनेनुसार पुण्याची लोकसंख्या’ असं वाक्य दिसलं की थांबा. २०२१ची जनगणना पुढे ढकलली गेली. हातात आहे ती २०११ची, त्यात पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख आहे. पण तेव्हाची हद्द आजची नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. त्यामुळे २०११चा आकडा आणि आजचा कोणताही अंदाज शेजारी ठेवून ‘एवढी वाढ झाली’ म्हणताना वाढली ती माणसं की हद्द, हे आधी सांगावं लागतं.

अधिकृत आकडे हवे असतील, उदाहरणार्थ त्या मार्गावर रोज किती फेऱ्या ठरलेल्या आहेत आणि किती रद्द झाल्या, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवा, राज्याच्या नियमांत तसं आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच टाकायचा. सबमिशनच्या आधी आठ दिवस ज्यांना हा अर्ज आठवतो, त्यांचं उत्तर व्हायवा (तोंडी परीक्षा) झाल्यावर येतं.

वेळापत्रक आखताना शहराचं पंचांग पाहा. आषाढी वारीच्या पालख्या ज्येष्ठाच्या उत्तरार्धात मुक्कामाला येतात, गणपतीत मध्यवर्ती भागातले रस्ते बंद होतात आणि बस वळवल्या जातात. त्या दिवसांत मोजलेला आकडा त्या दिवसांचाच, ‘नेहमीचा’ म्हणून खपवू नका. ग्रुपचंही पंचांग असतं. पुरुषोत्तम करंडकाच्या (आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या) तालमी सुरू झाल्या की एकजण गायब, ढोल-ताशा पथकाचा सराव लागला की दुसरी. रागावण्यात अर्थ नाही. त्यांचे तास आधी किंवा नंतर लावून घ्या आणि ते कागदावर लिहा.

कागदावरून आठवलं : ग्रुपची एक निर्णयवही ठेवा, साधी शंभर पानी. प्रत्येक बैठकीनंतर चार गोष्टी : तारीख, निर्णय, कारण, आणि विरोध कोणी का केला. चौथा रकाना सगळ्यांना नकोसा वाटतो. पण तीन आठवड्यांनी बस मोजायची व्याख्या बदलावी लागते, तेव्हा नेमकी तीच हरकत कामाला येते. जो सारखा ‘चालेल, चालेल’ म्हणतो त्याला आळीपाळीने हरकत घेण्याचं कामच द्या : आज तुझं काम फक्त हे चुकीचं कसं असेल ते सांगणं. मित्रांमध्ये हे जमवणं अवघड जातं, कारण आपल्याकडे मुद्द्याला विरोध केला की माणसाला केल्यासारखं वाटतं. काम म्हणून वाटून दिलं की ती भीड चेपते.

कामं दर आठवड्याला फिरवा. प्रत्येकाने किमान दोन सकाळी थांब्यावर उभं राहायचं आणि प्रत्येकाने एकदा तरी शीटमध्ये आकडे भरायचे. मूळ नोंदींची शीट वेगळी ठेवा, तिला हात लावायचा नाही. दुरुस्त्या आणि हिशेब दुसऱ्या प्रतीत. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरं’ अशा तीन फाइली झाल्या की कोणता आकडा कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही.

अहवालातल्या ‘मर्यादा’ या भागात ‘वेळेअभावी’ हा शब्द लिहू नका. तीनच सकाळी मोजलं, त्यातली एक पावसाची होती, न थांबलेल्या बस मोजल्या नाहीत : असं नेमकं लिहा.

व्हायवाच्या दोन दिवस आधी कॅन्टीनमध्ये बसून भूमिका बदला. ज्याने हिशेब केला त्याने नोंदतक्त्यातला प्रत्येक रकाना का ठेवला ते सांगायचं, जी थांब्यावर उभी होती तिने ८.२ कागदावर मांडून दाखवायचे. परीक्षक बहुधा सगळ्यात गप्प बसलेल्यालाच विचारतात. आणि फाइलीच्या शेवटी मूळ तक्ते लावा, खाडाखोड केलेले, पावसात भिजलेले असले तरी तेच. सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली नक्कल लावली, तर पहिला प्रश्न त्या नक्कलेवरच येतो.