सीतेची वेणी आंब्यावर कशी लावावी

मे-जूनमध्ये सह्याद्रीतल्या जुन्या झाडांवर पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबतात, ती सीतेची वेणी. आसामात हिलाच कपौ फूल म्हणतात. ही आमरी, म्हणजे ऑर्किड, काटक आहे, पण मातीत लावली की मरते, कारण तिच्या मुळांना मोकळी हवा लागते. बांडगूळ समजून तिला ओरबाडणारे बरेच भेटतात. प्रत्यक्षात ती झाडाचा फक्त आधार घेते, रस शोषत नाही.

रोप रोपवाटिकेतूनच घ्या, रानातून काढू नका. लावणी जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा. तेव्हा मुळांची टोकं हिरवी, वाढती असतात आणि सालीला लवकर धरतात.

झाड आंबा किंवा फणस, खडबडीत सालीचं. पेरू-निलगिरीची साल सुटते, तिच्याबरोबर रोपही. पूर्वेकडची फांदी निवडा: सकाळचं 2-3 तास ऊन, दुपारी विरळ सावली.

मुळं 10 मिनिटं पाण्यात भिजवा म्हणजे वाकवताना मोडत नाहीत. पोकळ, सुकलेली तेवढी कापा. मुळांना चिकटलेले कुंडीतल्या कोळशाचे तुकडे ओढू नका. रोप सालीवर टेकवून मुळं पसरा. शेंडा बाहेरच्या बाजूला कललेला हवा, पानांच्या बेचक्यात पाणी साचता कामा नये. मग काथ्याच्या दोरीने मुळांवरून दोन-तीन वेढे घ्या. तागाची सुतळी मुळं धरायच्या आतच कुजू शकते. तार मुळांत रुतते. वरून शेवाळ थापायचा मोह आवरा.

पाणी कधी द्यायचं हे मुळंच सांगतात: ओली हिरवी, सुकली की रुपेरी. पावसाळ्यात बहुधा लागतच नाही, हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा, मार्चपासून रोज सकाळी फवारा. जून ते ऑक्टोबर दर 15 दिवसांनी 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम मिसळून फवारा. जास्त झालं तर मुळांची टोकं काळी पडतात.

भर पावसात मधलं पान हलक्या ओढीने हातात आलं, तर शेंडा कुजलाय. कुजलेला भाग स्वच्छ पात्याने कापा, लिटरला 2 ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारा आणि रोप टाकून देऊ नका. कधीकधी बुडातून नवा फुटवा येतो. मुळांची टोकं कुरतडलेली दिसली तर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा.

पानं गर्द हिरवी आणि फूल नाही, याचा अर्थ ऊन कमी पडतंय. फेब्रुवारीत वरच्या फांद्या थोड्या विरळ करा. रोप मात्र हलवू नका, धरलेली मुळं सोडवताना तुटतात.