इंग्रजीत ‘जरी–तरी’ कसे लिहावे

मराठी माध्यमातून शिकून पुण्याच्या महाविद्यालयांत आलेले विद्यार्थी इंग्रजीत निबंध लिहू लागले की, ‘ऑल्दो अ फायर डिस्ट्रॉइड शनिवार वाडा इन १८२८, बट इट्स वॉल्स स्टिल स्टँड’ अशा घडणीचे वाक्य हमखास आढळते. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो, म्हणून हात आपोआप ‘बट’कडे वळतो, इंग्रजीत मात्र दोन उपवाक्ये जोडण्यास एकच अव्यय पुरते. ‘ऑल्दो’ ठेवायचा असेल तर ‘बट’ गाळावा, किंवा ‘बट’ ठेवून ‘ऑल्दो’ काढावा.

‘ऑल्दो’, ‘दो’ आणि अधिक जोर देणारा ‘ईव्हन दो’ यांच्यानंतर कर्ता व क्रियापद असलेले उपवाक्य येते. ‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ यांच्यानंतर मात्र नाम किंवा ‘आयएनजी’ लावलेले रूप हवे: ‘डिस्पाइट द फायर ऑफ १८२८, द वॉल्स स्टिल स्टँड.’ ‘डिस्पाइट ऑफ’ ही रचना चुकीची आहे, कारण ‘ऑफ’ फक्त ‘इन स्पाइट’ला लागतो.

‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण असल्यामुळे केवळ स्वल्पविराम देऊन त्याने दोन वाक्ये जोडता येत नाहीत. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा आणि शब्दानंतर स्वल्पविराम: ‘द पॅलेस बर्न्ट डाउन. हाउएव्हर, द वॉल्स सर्व्हाइव्हड.’ विरामचिन्हांची ही शिस्त परीक्षेपुरती नाही, अर्ज आणि अहवाल लिहितानाही ती पाळावी. ‘व्हेअरॅज’ दोन गोष्टींतला फरक दाखवताना वापरावा.

खरी कसोटी ‘ईव्हन दो’ आणि ‘ईव्हन इफ’ यांत लागते, आणि माझ्या मते शिकवताना सर्वांत जास्त वेळ येथेच द्यायला हवा. ‘पाऊस पडला तरी सिंहगडावर गेलो’ आणि ‘पाऊस पडला तरी सिंहगडावर जाईन’ या दोन्ही वाक्यांत मराठी ‘पडला तरी’ असेच म्हणते. पहिल्यात पाऊस खरोखर पडलेला आहे, म्हणून ‘ईव्हन दो इट रेन्ड’. दुसऱ्यात तो पडेलच असे नाही, म्हणून ‘ईव्हन इफ इट रेन्स’. तथापि केवळ मुख्य क्रियापदाचा काळ पाहून निवड करू नये. खिडकीबाहेर पाऊस चालू असताना ‘पाऊस पडत असला तरी मी जाईन’ असे म्हटले, तर जाणे भविष्यातले असूनही पाऊस वास्तवातला आहे. तेथे ‘ईव्हन दो इट इज रेनिंग, आय विल गो’ असेच लिहावे.