पत्रात ‘तीर्थरूप’ कसे लिहावे

‘तीर्थ’ हा शब्द संस्कृतातील ‘तॄ’, म्हणजे तरून जाणे, या धातूपासून आला आहे. नदी ओलांडण्याची उताराची जागा, पाण्यात उतरण्याचा घाट हा त्याचा जुना अर्थ असून पुढे पवित्र क्षेत्र आणि गुरू हे अर्थही त्याला जोडले गेले. एकाच गुरूकडे शिकणाऱ्याला ‘सतीर्थ्य’ म्हणतात ते यामुळेच. आईवडिलांना ‘तीर्थरूप’ म्हणताना ते स्वतःच आपले तीर्थ आहेत, असे आपण म्हणत असतो.

म्हणून रूढ संकेत पाळावा: ‘तीर्थरूप’ स्वतःच्या आईवडिलांसाठी राखून ठेवावे आणि आईवडिलांप्रमाणे वंदनीय असलेल्या इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहावे. संक्षेपात दोन्हींचे ‘ती.’ आणि ‘ती. स्व.’ होते, पण पत्र मोठ्या प्रसंगाचे असेल, तर पूर्ण शब्द लिहिणेच मला योग्य वाटते.

मायना ‘तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार’ असा करावा. साष्टांग नमस्कारात छाती, मस्तक, हात, पाय, गुडघे आणि दृष्टी यांच्यासह मन आणि वाणीही मोजतात, त्यामुळे दूरदेशी असलेल्या मुलाने कागदावरून केलेला नमस्कारही पोकळ ठरत नाही. ‘सा. न. वि. वि.’ हे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ याचे संक्षिप्त रूप वडीलधाऱ्यांना चालते. बरोबरीच्या माणसाला मात्र ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार, लिहावा. ‘सा’ आणि ‘स’ यांतला हा काना जपून द्यावा.