पावणं खूश आणि शिसवी खुर्चीही शाबूत: घरातल्या खोल्या पाहुण्यांना देताना

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना द्यायला लागलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी भिंतींवर अकरा सूचना चिकटवल्या होत्या. खुर्चीवर ओला टॉवेल टाकू नये. पलंगावर बसून जेवू नये. टेबलावर गरम कप ठेवू नये. विदर्भातून आलेले एक आजोबा चष्मा लावून एकेक सूचना वाचत फिरले आणि शेवटी मला म्हणाले, "बाई, झोपायची परवानगी कोणाकडून घ्यायची?" हसता हसता माझा चेहरा उतरला. पुणेरी पाट्यांची आपण टिंगल करतो, आणि माझ्याच घरात त्यांचं प्रदर्शन लागलं होतं. संध्याकाळी सगळ्या काढून टाकल्या.

खरं सांगायचं तर पाट्या होत्या तेव्हाही टॉवेल खुर्चीवरच पडत होता. त्या खोलीत टॉवेल वाळत घालायला दुसरी जागाच नव्हती! तेव्हापासून काही डागाळलं, तुटलं, की आधी एकच विचारते: पाहुण्याला काय हवं होतं जे मी ठेवलं नव्हतं? दहातल्या आठ वेळा उत्तर सापडतं. उरलेल्या दोन वेळा माणूसच तसा असतो, त्याला इलाज नाही.

पायरी १: एक रात्र स्वतः पाहुणे व्हा

बॅग भरा, चप्पल घाला आणि आपल्याच खोलीत राहायला जा. घरचे हसतील, हसू देत. आंघोळ न्हाणीघरात करा, ओले केस घेऊन बाहेर या, आणि हात आपोआप कुठे जातात ते बघा. मोबाइल चार्जिंगला लावा. रात्री पाण्याची बाटली उशाशी ठेवा. सकाळी चहाचा कप हातात असताना फोन घ्या.

मी हे केलं तेव्हा कळलं, की प्लगचं बटण कपाटामागे असल्यामुळे फोन ठेवायला सासूबाईंच्या शिसवी पेटीशिवाय जागाच नाही. त्या पेटीवरच्या ओरखड्यांसाठी मी सहा महिने पाहुण्यांना मनातल्या मनात बोल लावत होते. कप ठेवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तो खिडकीच्या चौकटीवर जात होता. चप्पल काढायला जागा होती, पण दारापासून चार पावलं आत.

मग दाराशी रॅक, दाराच्या मागे चार दणकट हुक, न्हाणीघराबाहेर टॉवेलची दांडी, उशाशी छोटं स्टूल, एक लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि कपाखाली ठेवायच्या चकत्या एवढं आणलं. एका पेटीच्या पॉलिशला जो खर्च येतो, त्यापेक्षा कमीत काम झालं.

पायरी २: वस्तूंचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात गेली तर रडू येईल अशा वस्तू: आजेसासूबाईंचं पितळी पानदान, लग्नातला शालू अंथरलेली बैठक, हाताने विणलेले क्रोशाचे रुमाल. या वस्तू पाहुण्यांच्या खोलीत नकोतच. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, काचेच्या कपाटात ठेवा, तिथेही लोक कौतुकाने बघतात. दुसऱ्या ढिगात बिघडलं तर दुरुस्त होईल असं सागवानी, वेताचं सामान. तिसऱ्यात बाजारात उद्या मिळेल ते सगळं.

खोली भरायची ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातून. पण सगळंच तिसऱ्यातलं ठेवू नका. एकदा मी घाबरून जुनं सामान पार हलवलं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. खोली लॉजसारखी दिसायला लागली. माणसं जुन्या घरात राहायला येतात ती त्या घरासाठी येतात.

पायरी ३: तांबड्या रश्शाला जागा द्या

कोल्हापुरात आलेला माणूस तांबडा-पांढरा खाणारच, आणि दिवसभर हिंडून दमला असेल तर पार्सल घेऊन खोलीत येणार. पलंगावर खाऊ नका म्हणून सांगून उपयोग नाही. खोलीत टेबल नसेल तर तो खाणार कुठे? वरचा पत्रा पुसता येईल असं घडीचं टेबल, दोन खुर्च्या, स्टीलची ताटं-वाट्या, चमचे आणि कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवा. आमच्याकडे हे आल्यापासून चादरीवरचे रश्शाचे डाग जवळजवळ संपले. सकाळची मिसळ मी सोप्यातच वाढते. कटाची वाटी आणि ब्रेडच्या स्लाइस घेऊन खोलीत जाऊ दिलं, की मग माझीच चूक.

तरी डाग पडतोच. तेव्हा हे करा.

चमच्याने वरचं उचला, घासू नका. रश्शातलं तेल आधी काढायचं असतं, कारण हळद आणि तिखटाचा रंग तेलातच विरघळलेला असतो. डागावर बेसन किंवा टाल्कम पावडर टाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, झटका, मग भांडी घासायचं लिक्विड बोटाने चोळा आणि साध्या पाण्याने धुवा. कपड्याची वडी लगेच लावू नका. वडीत खार असतो आणि हळदीचा पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. शाळेत हळदीच्या कागदाचा प्रयोग केलेला आठवतो ना, तेच. घाबरून जाऊ नका, लिंबाच्या पाण्याने तो पुन्हा पिवळ्यावर येतो. त्यानंतर चादर ओली असतानाच कडक उन्हात टाका. हळदीला ऊन सोसत नाही, दोन दिवसांत ती फिकी पडते. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का होतो.

पांढऱ्या सुती कापडाला ब्लीच चालतं, रेशमाला आणि लोकरीला नाही. आणि ब्लीच कधीही संडास धुवायच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. हे कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा, त्यांच्याकडे दोन्ही बाटल्या एकाच बादलीत असतात.

पायरी ४: अंथरूण

गादीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका. ते कुशीवर वळलं की खुसखुसतं आणि उन्हाळ्यात घाम सुटतो. वरून सुती टॉवेलसारखं आणि खालून पाणी न झिरपणारं, असं प्रोटेक्टर मिळतं. लहान मूल असेल तर त्यावर आणखी एक जाड दुपटं, न विचारता, हसत हसत.

चादर पांढरीच घ्या, असं माझं मत आहे. गडद चादरीत डाग लपतात, पण पाहुण्याला संशयही येतो. पांढरी उकळता येते, ब्लीच करता येते. इचलकरंजी आपल्या शेजारी आहे, सुती कापड तागा घेऊन शिवून घेतलं तर तयार चादरींपेक्षा स्वस्त पडतं. पायथ्याशी मात्र गडद सोलापुरी चादर घडी करून ठेवा. दिवसभर अनवाणी हिंडून आलेली माणसं, नवरात्रात अशी खूप असतात, थेट पलंगावर टेकतात. त्यांचे पाय त्या घडीवर पडतात. दाराशी नळ आणि जाड पायपुसणंही हवंच.

केसांच्या तेलासाठी उशीला दोन अभ्रे, आतला जुना. सोफ्याच्या पाठीवर धुवायला सोपा रुमाल. विलायतेतही लोक मॅकॅसर नावाचं तेल केसांना लावायचे तेव्हा सोफ्यावर असेच रुमाल टाकत, आणि त्यांचं नावही त्या तेलावरूनच पडलं, अँटीमॅकॅसर. म्हणजे हा त्रास काही फक्त खोबरेल तेलाचा नाही.

प्रत्येक पलंगासाठी चादरींचे तीन जोड ठेवा: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चार.

पायरी ५: लाकूड

जुन्या शिसवी, सागवानी सामानावर बहुतेक वेळा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती दिसते सुंदर आणि असते नाजूक. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, अत्तराची फवारणी उडाली किंवा हात साफ करायचं सॅनिटायझर सांडलं की लाख सुटते. म्हणून ज्या टेबलावर माणसं अत्तर, क्रीम, सॅनिटायझर ठेवणार त्या टेबलाला हल्लीचं पीयू पॉलिश (पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर) करून घ्या. त्याला जुनी झळाळी नसते, पण ते सोसतं. फ्रेंच पॉलिश फक्त खुर्चीच्या हातांना आणि पेटीला ठेवा.

पांढरं वर्तुळ ताजं असेल तर मऊ कापडाने थोडं खोबरेल तेल चोळून रात्रभर ठेवून बघा, बऱ्याचदा उतरतं. नाही उतरलं तर पॉलिशवाल्याला बोलवा, घरी सँडपेपर हातात घेऊ नका. मी घेतला होता, तो प्रसंग सांगत नाही.

टेबलावर काच टाकणार असाल तर चारही कोपऱ्यांना छोटे रबरी बुच लावा. काच थेट लाकडावर बसली, की खाली शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि पॉलिश तिथेच सडतं. पावसात लाकूड फुगून ड्रॉवर अडकतात, पाहुणा जोर लावतो आणि मूठ हातात येते. जूनच्या आधी ड्रॉवरच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासा, पाच मिनिटांचं काम आहे.

देवीचा फोटो ठेवून उदबत्ती लावणारे पाहुणे पुष्कळ येतात. लावू नका म्हणायला जीभ रेटत नाही, आणि म्हणूही नये. एक लहान पाट, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, उदबत्तीचं घर आणि काडेपेटी एका कोपऱ्यात मांडून ठेवा. मग कोणी पेटीवर उदबत्ती खोचत नाही. पडद्यापासून मात्र दूर.

पायरी ६: गुलाल आणि पाऊस

चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. "चांगभलं" म्हणत डोंगरावरून माणसं येतात ती डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होऊन. गुलालाला पाणी लागलं की संपलं, तो पक्का बसतो. म्हणून त्या दिवसांत मी अंगणात एक मऊ केरसुणी आणि एक टॉवेल घेऊन उभी राहते. "काका, आधी हितं झटका, मग आत या," एवढं म्हटलं की झालं. खोलीत जुन्या चादरी खुर्च्यांवर टाकलेल्या असतात. कापडावर पडलाच तर कोरडा झटका, कोरड्या ब्रशने काढा, उरलेलं थंड पाण्यात साबणाने.

पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट दाराबाहेरच राहतील अशी खुंटी आणि खाली बादली ठेवा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, रिकाम्या दिवशी त्यांची दारं उघडी टाका. बुरशी तिथूनच सुरू होते. आणि एक खास कोल्हापुरी गोष्ट: पाहुणे महाद्वार रोडवरून नव्या चपला घेऊन येतात. ते चामडं ओलं झालं की रंग सोडतं. फरशीवर तपकिरी पावलं उमटतात आणि बॅगेत पांढऱ्या टॉवेलशेजारी गेल्या की टॉवेल गेला. मी खोलीत जुनी वर्तमानपत्रं ठेवते, "चपला यात गुंडाळा, तुमचे कपडे खराब व्हायला नकोत." त्यांचे कपडे वाचतात, माझा टॉवेलही.

पायरी ७: काय बोलायचं

खोली दाखवताना दोन मिनिटं पुरतात. "हे टेबल जेवायला, टॉवेल इथे, उदबत्ती त्या कोपऱ्यात. काही सांडलं तर लगेच हाक मारा, रात्री अकरा वाजता मारा, मी रागावणार नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. पाहुणा घाबरून डाग लपवतो, उशी उलटी करून ठेवतो, आणि आपल्याला तो दोन दिवसांनी वाळलेला सापडतो. लगेच कळलं तर निम्मा निघतो.

पायरी ८: पैसे

बारीकसारीक झीज भाड्यातच धरा. मी प्रत्येक रात्रीमागे पन्नास रुपये वेगळ्या डब्यात टाकते, त्यातून कप, अभ्रे, टॉवेल येतात. एक कप फुटला म्हणून निरोपाच्या वेळी शंभर रुपये मागू नका. तेवढ्यासाठी माणूस तोडायचा? मोठं काही मोडलं तर दुरुस्तीवाल्याला विचारून आकडा सांगा, आणि तो बुकिंगच्या वेळी सांगितलेल्या अटीत बसत असेल तरच.

आमच्या आरामखुर्चीचं वेत गेल्या वर्षी फाटलं. एका पोराने त्यावर उड्या मारल्या. त्याच्या आईने स्वतःहून निम्मे पैसे दिले, मी नको म्हटलं नाही. खुर्ची विणून देणाऱ्या काकांनी सगळं झाल्यावर विचारलं, "वहिनी, हिला कधी पाणी दाखवता का?" मी म्हटलं, "वेताला पाणी? मी तर जपून कोरडं ठेवते." ते म्हणाले, म्हणूनच तुटलं. उन्हाळ्यात वेत वाळून ठिसूळ होतं. महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. आता ते फडकं खुर्चीच्याच पाठीमागे हुकाला टांगलेलं असतं.